आधी दगड हलवा

उत्तम साळोखेच्या दुकानातून मासा आणणं आणि एखाद्या घरची लेक मागून आणणं यांत फारसा फरक नव्हता. कोल्हापुरात गंगावेशीत त्याचं ते अरुंद, ओलसर दुकान. गिऱ्हाईक आत शिरायचं, काचेवर बोट ठेवून म्हणायचं, "हा द्या." उत्तम जाळीला हातसुद्धा लावायचा नाही. तो आधी स्टूल पुढं ओढायचा.

"बसा. टाकी केवढी हाय? आत कोण कोण हाय? पाणी नळाचं का बोरचं?"

"अहो, एवढासा मासा आणि एवढी चौकशी?"

"तुमाला मासा दिसतोय," उत्तम शांतपणे म्हणायचा. "मला त्याचं सासर दिसतंय."

काही गिऱ्हाइकं तिथूनच पाठ फिरवायची. जी टिकायची, ती जन्माची टिकायची. त्यांना मग पुढचा अध्याय ऐकावा लागे. मासा घरी नेला की भसकन टाकीत ओतायचा नाही. पिशवी तशीच बांधलेली पाण्यावर तरंगत ठेवायची. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट झालं की पिशवी सोडून तिच्यात टाकीचं पाणी वाटीवाटीनं घालायचं. टाकीवरचा दिवा बंद ठेवायचा. आणि टाकीत कुणी हद्द धरून बसलेला जुना खट मासा असेल, तर या सगळ्याच्या आधी टाकीतले दगड, मडकी, झाडं, होतं नव्हतं ते सगळं इकडचं तिकडं करायचं.

"घर मोडा त्याचं," उत्तम सांगायचा. "जुन्याला आपलं घर वळखू येतंय, तवर तो नव्याला जगू देत न्हाई. दगड हलवले की तो बी नवाच झाला. मग दोघं मिळून घर शोधत्यात."

उज्ज्वलाला हे पाठ होतं. कॉलेजात असताना ती एकदा तणतणत त्या दुकानात गेली होती, मेलेल्या निऑन टेट्रांची पिशवी घेऊन. "तुमचे मासे मेले," ती म्हणाली होती.

"कुणासंगं ठेवलासा?"

"एंजलसंगं. दोन्ही दिसायला छान होते म्हणून."

उत्तमनं स्टूल पुढं ओढलं. "बसा. दिसायला वाघ बी छान हाय आणि शेळी बी."

तिला राग आला होता, आणि तरी ती बसली होती. त्या दिवशी त्यानं तिला मासा दिलाच नाही. टाकीत नुसतं पाणी मुरू दे, मग या, म्हणाला. ती पुन्हा गेली. मग पुन्हा गेली. कधी पाण्याचं निमित्त, कधी खाद्याचं. तिच्या आईला वाटायचं, पोरीला माशांचं वेड लागलंय. वेड लागलं होतं हे खरं, आईचा अंदाज फक्त माशांच्या बाबतीत चुकला होता. लग्नानंतरही कितीतरी वर्षं ती संध्याकाळी दुकानात जाऊन त्या स्टुलावर बसायची. हवेच्या नळ्यांची बुडबुड, ओल्या शेवाळाचा वास, रबरबँडनं पिशव्यांची तोंडं बांधणारी उत्तमची लांबसडक बोटं. दुकान बंद झालं की दोघं रंकाळ्यावर भेळ खायची आणि चालत घरी यायची. तिला आयुष्यात याहून जास्त काही मागावंसं वाटलं नव्हतं.

आता दोघंही सत्तरीत होती, आणि रोज सकाळी उत्तम तिच्या हातचा चहा पिऊन तिला घराबाहेर जायला सांगत होता.

"च्या चांगला झालाय," तो कप खाली ठेवत म्हणायचा. "आमच्या मंडळींसारखाच करताय तुम्ही. आलं ठेचून."

"हो का."

"पण आता निघा. उज्ज्वला यील एवढ्यात. घरात परकी बाई बघितली तर तिला बरं वाटणार न्हाई."

उज्ज्वला उठायची, चप्पल घालून बाहेर पॅसेजमधल्या बाकावर जाऊन बसायची, आणि तो विसरला असेल अशा बेतानं पुन्हा आत यायची. विसरण्याचा आजार सुरू झाला तेव्हा उत्तम आधी नावं विसरला, मग रस्ते, मग चेहरे. तिचा चेहरा शेवटी गेला. पण उज्ज्वला या नावाची आपली बायको आहे, ती बाजारात गेली आहे आणि परत येणार आहे, हे मात्र तो विसरत नव्हता. दिवसभर खिडकीशी बसून तिची वाट बघायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण उज्ज्वलानं जन्मभर दुसऱ्यांना चिडवायला वापरली होती. आता ती स्वतःच कळसा झाली होती आणि तिला रडू यायचं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरात काही बदलू नका. जुन्या वस्तू जुन्या जागी राहू देत, त्यांचा आधार वाटतो. उज्ज्वलानं ते कसोशीनं पाळलं. लग्नाचा फोटो, दुकानातून आणलेलं स्टूल, कोपऱ्यातली माशांची छोटी टाकी, कशालाही तिनं जागचं हलू दिलं नाही. उत्तम त्या घरात निवांत असायचा. त्याला खुपायची ती एकटी उज्ज्वला. "माझ्या घरात ही कोण शिरलीया?" असं तो शेजाऱ्यांना विचारायचा. एके सकाळी त्यानं तिला ढकलून बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. गॅसवर दूध होतं. शेजाऱ्यांनी कडी तोडेपर्यंत स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं आणि उत्तम खुर्चीवर बसून खोकत होता.

त्या प्रकारानंतर त्यांची मुलगी ऋतुजा पुण्याहून तडक आली.

ऋतुजाबद्दल गल्लीत एक कुजका विनोद होता. लेकीनं बापाचं दुकान बंद केलं, म्हणायचे. त्यात थोडं तथ्य होतं. ती ज्या कंपनीत संशोधन करायची, त्या कंपनीनंच 'सोयरा' काढला होता.

मासे एकमेकांना डोळ्यांपेक्षा वासानं अधिक ओळखतात. प्रत्येक माशाच्या अंगातून आणि लघवीतून प्रथिनांचे बारीक तुकडे पाण्यात सुटत असतात. ते कसे असतील हे त्याच्या जनुकांवर ठरतं, म्हणून प्रत्येकाची सही वेगळी असते. टाकीतला जुना मासा पाण्यातल्या या सह्या वाचत असतो. ओळखीची सही आली की गप्प बसतो, अनोळखी आली की अंगावर धावतो. सोयरा म्हणजे काचेला आतून चिकटवायची एक डबी. ती पाणी चाखायची, जुन्या रहिवाशांच्या सह्या वाचायची, आणि तशाच सह्या तयार करून पाण्यात थेंब थेंब सोडत राहायची, इतक्या की खऱ्या सह्या त्यात बुडून जायच्या. नवा मासा कुठलाही असो, जुन्याला त्याचा वास घरच्याचाच यायचा. भांडण नाही, पाठलाग नाही, कुरतडलेले पर नाहीत. कोण कुणासंगं राहील हे विचारायला उत्तम साळोखेच्या स्टुलावर बसायची गरजच उरली नाही. मोठ्या दुकानांतून भाजीच्या शेजारी मासे मिळू लागले, सोबत डबी. गंगावेशीतलं दुकान बंद पडलं.

उत्तमला लेकीचा राग आला नव्हता, उलट अभिमानच वाटला होता. तेव्हा त्याचं डोकं शाबूत होतं. "माझ्या पोरीनं माशांची भांडणं मिटवली," तो सगळ्यांना सांगायचा. घरी आल्यावर मात्र एकदा उज्ज्वलाला म्हणाला होता, "भांडण मिटलं गं. पण वळख कुटं झाली त्यांची?"

ऋतुजा आली ती दोन वस्तू घेऊन. एका पिशवीत क्रिब जातीची मादी होती, पिकल्या चेरीसारख्या पोटाची. घरच्या टाकीत थोड्या टेट्रांसोबत दुकानातली शेवटची क्रिबची जोडी होती. तिच्यातली मादी मेल्यापासून नर मडक्याच्या मागं तोंड लपवून बसायचा, आणि उत्तम काचेला नाक लावून विचारायचा, "ह्याची बायको कुटं गेली?" ऋतुजानं टाकीत सोयरा चिकटवला आणि मादी सरळ आत ओतली. नर मडक्याबाहेर आला, तिच्याभोवती एक फेरी मारून तिच्या शेजारी तरंगू लागला, जणू ती कधी गेलीच नव्हती.

दुसरी वस्तू म्हणजे नाकात मारायचा एक छोटा फवारा.

"याचं अजून नाव ठरलं नाही," ऋतुजा म्हणाली. "चाचणी चालू आहे, परवानग्या मिळाल्यात. आई, नीट ऐक. चेहरा ओळखणं हे मेंदूत एका जागी होतं, आणि हा माणूस आपला आहे असं वाटणं दुसऱ्या जागी. पप्पांची पहिली जागा बिघडलीय. दुसरी अजून ठीक आहे. आणि नाक हे एकच इंद्रिय असं आहे की त्याला मेंदूत चौकशीच्या खिडकीपाशी थांबावं लागत नाही, ते थेट भावनेच्या खोलीत शिरतं. हा फवारा तिथं जाऊन दार उघडं ठेवतो. काही तास तू त्यांना परकी वाटणार नाहीस."

"आणि नको म्हटलं तर?"

ऋतुजानं आईच्या मनगटावरच्या काळ्यानिळ्या डागाकडं बघितलं. "तर मग पप्पांना अशा रुग्णांच्या केंद्रात ठेवायचं. चांगलं आहे, मी बघून आलेय. पण तुला मी असं इथं मरू देणार नाही."

म्हणजे प्रश्न साधा होता. उत्तम आणि उज्ज्वला एका छपराखाली राहणार की नाही, एवढाच. उज्ज्वलानं फवारा घेतला.

पहिल्या दिवशी तिनं तो भीत भीत मारला. उत्तम शिंकला, डोळे पुसले, आणि तिच्याकडं बघून असा हसला की तिला वाटलं आपल्या हातात मेलेल्या टेट्रांची पिशवी आहे आणि आपण एकोणीस वर्षांच्या आहोत. त्यानं तिचा हात हातात घेऊन थोपटला.

"तू आलीस," तो म्हणाला. "आता मला काय नको."

किती महिन्यांनी तो तिला 'तू' म्हणाला होता! उज्ज्वला स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडली, मग तोंड धुऊन शिरा केला. पुढचे दिवस सुखाचे गेले. तो तिच्या शेजारी जेवायचा, तिच्या मागं मागं फिरायचा, कडी लावायचं नाव नाही. टाकीतसुद्धा आनंदीआनंद होता. मडक्यात अंडी दिसली आणि थोड्याच दिवसांत त्यातून पिलांचा धुरकट पुंजका बाहेर पडला. ऋतुजा पुण्याला परत गेली. "बघ," ती फोनवर म्हणाली, "दोन्ही टाक्या शांत." तिला तो विनोद वाटला होता आणि उज्ज्वलाही हसली होती.

मग पाण्याचा फिल्टर बदलायला माणूस आला. कुणीतरी पंचविशीतला, घाईत होता, बूट काढायलाही कुरकुरत होता. उत्तम खिडकीपासून उठला, त्याच्याजवळ गेला, त्याचा हात हातात घेऊन थोपटला.

"तू आलास," उत्तम म्हणाला. "आता मला काय नको."

तेच शब्द, तेच थोपटणं, तेच हसू. उज्ज्वलाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. तो माणूस ओशाळून हसला, काम उरकून निघाला, तेव्हा उत्तम दारापर्यंत गेला आणि सख्खा भाऊ परगावी निघावा तसा डोळ्यांत पाणी आणून त्याला निरोप दिला. थोड्या वेळानं कचरा न्यायला आलेल्या बाईंनाही त्यानं जेवून जायचा आग्रह केला. उज्ज्वला त्याच्याजवळ बसली. तिला एक प्रश्न विचारायचा होता आणि विचारायची भीतीही वाटत होती.

"अहो, उज्ज्वला कधी येणार?"

उत्तमनं थोडा विचार केला. त्याच्या कपाळावर एकही आठी नव्हती.

"कोण उज्ज्वला?" तो म्हणाला. "असंल कुणीतरी. सगळी आपलीच की."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की फवारा सुरू झाल्यापासून त्यानं खिडकीशी बसून बायकोची वाट बघितलीच नव्हती. ती परकी होती तेव्हा निदान रोज स्वतःचं नाव त्याच्या तोंडून ऐकायची. उज्ज्वलाला गवारी आवडते, उज्ज्वलाला उशीर का झाला, उज्ज्वला आली की तिला विचारतो. जगात एक बाई त्याला बाकी सगळ्यांपेक्षा वेगळी वाटत होती. आता ती बाई उरली नव्हती.

त्याच दुपारी उत्तमची हाक आली. तो टाकीसमोर उभा होता आणि काचेवर तळहात आपटत होता. टाकीतले टेट्रा पिलांच्या पुंजक्यात शिरले होते आणि आरामात एकेक पिलू टिपत होते. सोयऱ्यानं भांडण मिटतं, भूक मिटत नाही. क्रिब म्हणजे पिलांसाठी दहापट मोठ्या माशावर तुटून पडणारी जात. पण त्यांना आसपास सगळे घरचेच दिसत होते. मादी वरती तरंगत होती. नर टेट्रांच्या शेजारून संथपणे पोहत गेला.

"बाप हाय नव्हं हा?" उत्तम म्हणत होता. "बाप हाय नव्हं?" त्या दिवसाचा फवारा उतरत आला होता. त्याचा आवाज कापत होता, आणि कित्येक दिवसांनी उज्ज्वलाला तो जुना उत्तम वाटला.

तिनं काचेवरची डबी काढली आणि कचऱ्यात टाकली. फवाराही टाकला.

ऋतुजा पुन्हा आली ती चिडूनच. "आई, अगं, सगळ्यांवर माया करताहेत तर करू देत ना! सुखात होते ते."

"होते की."

"मग तुझा मान दुखावला म्हणून त्यांचं सुख काढून घ्यायचं?"

हा घाव वर्मी बसला. उज्ज्वलाला खोटं बोलायचं नव्हतं. "दुखावला माझा मान," ती म्हणाली. "पण तेवढंच नाही गं. तो माणूस जन्मभर प्रत्येक माशाची वेगळी चौकशी करत आला. हा कुणासंगं राहील, हिला कोण झेपेल. आपण त्याला असा केला की त्याला माणसामाणसांत फरकच कळेना. वाट बघण्यात त्याला त्रास व्हायचा, मान्य आहे. पण ती वाट त्याची होती."

"ठीक. मग सोमवारी केंद्रात जागा आहे." ऋतुजाचे डोळे भरले होते. "माझ्याकडं दुसरा उपाय नाही."

उज्ज्वलाकडंही नव्हता. पाण्यातला सोयरा विरत गेला तसा नर जागा झाला. समोर ही कोण अनोळखी बाई, म्हणून तो मादीच्या अंगावर धावून जाऊ लागला, मडक्यापाशी फिरकू देईना. शनिवारी सकाळी मादी कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या थराला चिकटून होती, शेपटीचा पर फाटलेला. आणि मागं उत्तम म्हणत होता, "कोण तुम्ही? माझ्या घरात काय करायलाय? उज्ज्वला यील आता. निघा."

उज्ज्वलानं मादीला जाळीनं काढून बादलीत घेतलं. नर टाकीत आपल्या मडक्यापुढं छाती काढून फिरत होता. त्याचा दगड, त्याचं मडकं, त्याचं झाड. उज्ज्वला त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं मान वळवून घराकडं बघितलं. त्यांचा पलंग, त्यांचं कपाट, भिंतीवरचा फोटो, सगळं जिथल्या तिथं, तिनंच जपलेलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं त्या स्टुलावर बसून तिनं काय ऐकलं होतं? पालथ्या घड्यावर पाणी.

"ऋतुजा," ती म्हणाली, "पप्पांना रंकाळ्यावर फिरवून आण. निवांत आण. आणि दोन हमाल बोलाव मला."

"कशाला?"

"दगड हलवायचेत."

ऋतुजाला कळलं तेव्हा ती हादरली. ओळखीची प्रत्येक खूण पुसली तर पप्पा बिथरतील, डॉक्टर काय म्हणतील, हे तर आगीतून फुफाट्यात. "चुकलं तर सोमवार आहेच," एवढंच उज्ज्वला म्हणाली.

हमालांनी पलंग बाहेरच्या खोलीत आणला. जेवणाचं टेबल आत गेलं. कपाट उलट्या भिंतीला लागलं. पडदे उतरले. लग्नाचा फोटो काढताना मात्र उज्ज्वलाचा हात थबकला. त्या फोटोनंच रोज सिद्ध केलं होतं की ही म्हातारी ती तरुण मुलगी नव्हे. तिनं तो साडीत गुंडाळून कपाटात ठेवला. टाकी कोपऱ्यातून उचलून खिडकीखाली मांडली. शेवटी स्वतःच्याच घरात ती उभी राहिली आणि तिला दिव्याचं बटण कुठं आहे ते चाचपावं लागलं. एवढं सगळं मोडून टाकलं होतं तिनं, पन्नास वर्षांचं.

मग ती मादीला पिशवीत घेऊन बाहेर पॅसेजमधल्या बाकावर जाऊन बसली.

ऋतुजा उत्तमला घेऊन आली. तो आत गेला. आतून त्याचा आवाज आला. "हे कुणाचं घर?" मग पावलांची घालमेल. "पोरी, आपण कुणाच्या घरी आलोय?" ऋतुजा काहीतरी समजावत होती आणि तिचा आवाज रडवेला झाला होता. उज्ज्वलाला धावत आत जावंसं वाटलं. ती गेली नाही. पिशवी तरंगू द्यायची असते. आतली घालमेल ओसरली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तेव्हा ती उठून दारात उभी राहिली.

"येऊ का आत?"

उत्तमनं वर बघितलं. आज त्याच्या नजरेत चोर पकडल्याचा भाव नव्हता. तो नुसता गोंधळलेला होता.

"मला काय इचारताय?" तो म्हणाला. "मी बी आत्ताच आलोय. कुणाचं हाय, कळंना."

उज्ज्वला उंबऱ्याच्या आत आली आणि तिथंच थांबली. उत्तमची नजर तिच्या हातावर गेली.

"काय हाय पिशवीत?"

"क्रिब. मादी आहे."

तो उठला, जवळ आला, पिशवी उजेडाकडं धरून बघितली. त्याच्या पाठीचा कणा ताठ झाल्यासारखा उज्ज्वलाला वाटला.

"टाकी केवढी हाय?"

"ही बघा, एवढीच. छोटी."

"आत कोण कोण हाय?"

"टेट्रा. आणि एक नर. एकटाच आहे." तिनं टाकीकडं बोट केलं. "त्याची बायको गेली."

"मग तो हिला जगू देणार न्हाई," उत्तम ठामपणे म्हणाला. "पर कुरतडलाय बगा हिचा. कुणी सरळ आत सोडली? अशी सोडत्यात व्हय?"

भिंतीशी उभ्या असलेल्या ऋतुजानं मान खाली घातली.

"मग काय करू?" उज्ज्वलानं विचारलं.

"आधी दगड हलवा."

त्यानं बाह्या वर सारल्या. पिशवी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात टाकीत घातले. उज्ज्वलानंही घातले. तो मडकं उचलून देत होता, ती दुसऱ्या टोकाला ठेवत होती. तो दगड देत होता, ती लावत होती. "असं न्हवं, आडवा. लपाय जागा ठेवा. एक त्याला, एक हिला." पाण्यात दोघांचे हात एकमेकांना लागत होते आणि तो दचकत नव्हता. नर गडबडून गेला होता. इकडं जाऊन बघ, तिकडं जाऊन बघ, त्याला आपली हद्द कुठं सापडेना.

मग पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली आणि वाट बघणं आलं. उत्तमनं पिशवीचं तोंड सोडून एक वाटी टाकीचं पाणी तिच्यात घातलं.

"किती वेळ थांबायचं?" उज्ज्वलानं विचारलं.

"घाई हाय का तुमाला?"

"नाही."

"मग?" तो हसला. थोड्या वेळानं आणखी एक वाटी घालत म्हणाला, "आमच्या मंडळींना माशांचं लई वेड. उज्ज्वला नाव तिचं. बाजारात गेलीया. ती आली की तुमची वळख करून देतो. तुमी तिला आवडशीला."

आपलं नाव उज्ज्वलानं कान भरून ऐकलं.

"मी थांबले तर चालेल का?" ती म्हणाली. "त्या येईपर्यंत?"

उत्तमनं तिच्याकडं नीट बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, एखाद्या नव्या गिऱ्हाइकाकडं बघावं तसं. ऋतुजानं तोंडावर हात दाबून धरला होता. मग त्यानं इकडंतिकडं शोधून, पलंगाखाली गेलेलं दुकानातलं स्टूल बाहेर ओढलं, बाहीनं पुसलं आणि तिच्या पुढं ठेवलं.

"बसा," तो म्हणाला, आणि टाकीवरचा दिवा त्यानं बंद केला.